एम६७ मधल्या तांबड्या राक्षसी ताऱ्यांचं रसायन कसं तपासायचं

राक्षसी ताऱ्याच्या पोटातली राख पृष्ठभागावर आलेली पाहायची तर कर्क राशीतला एम६७ हा तारकागुच्छ घ्या. वय सुमारे ४ अब्ज वर्षं, धातूंचं (म्हणजे हेलियमहून जड मूलद्रव्यांचं) प्रमाण जवळजवळ सूर्याइतकंच. लागतो तो फक्त संगणक, टॉपकॅट (तक्ते हाताळण्याचं सॉफ्टवेअर) आणि दोन मोफत तक्ते: ताऱ्यांची स्थानं नि गती मोजणाऱ्या गाया उपग्रहाचा तिसरा डेटासंच आणि ताऱ्यांचे वर्णपट घेणाऱ्या अपोजी सर्वेक्षणाचा सतरावा.

आधी गुच्छाचे सभासद तारे निवडा. विषुवांश १३२.८५ अंश आणि क्रांती +११.८१ अंश या आकाशातल्या बिंदूभोवती १ अंशातले तारे गायाच्या तक्त्यातून उतरवा. पराशय (अंतर सांगणारं सूक्ष्म कोनीय विस्थापन) १.०५ ते १.२५ मिलीआर्कसेकंद ठेवा. निजगती (ताऱ्याचं आकाशात सरकणं) वर्षाला −११.० (विषुवांशात) आणि −२.९ (क्रांतीत) मिलीआर्कसेकंदांपासून ०.८ च्या आत हवी. त्यातले जी प्रत (गायाने मोजलेली तेजस्विता; आकडा कमी तितका तारा तेजस्वी) १२.८ पेक्षा कमी आणि बीपी−आरपी रंग (निळ्या नि तांबड्या पट्ट्यांतल्या प्रतींचा फरक) १.०५ पेक्षा जास्त असलेले तारे म्हणजे आपले राक्षसी. १०.२ प्रतीच्या आसपास दिसणारा पुंजका गाभ्यात हेलियम जाळणाऱ्यांचा. तो वेगळा काढा, पुढे कामाला येतो.

अपोजीच्या तक्त्यात गायाचा ओळखक्रमांक असतोच, जोडणी त्यावरूनच करा. अरीय वेग (आपल्या दिशेने किंवा आपल्यापासून दूर जाण्याचा) सेकंदाला ३४ किलोमीटरच्या जवळ हवा. वेगवेगळ्या रात्रींच्या वेगांत सेकंदाला १ किलोमीटरहून जास्त फरक असेल तर तो बहुधा जोडतारा. त्याला सभासदांतून काढू नका, पण रसायनाच्या सरासरीत धरू नका.

आता मुख्य काम. तारा फुगू लागला की संवहन (तप्त वायूची वर-खाली ढवळण) खोलवर पोचतं आणि सीएनओ चक्रातून, म्हणजे कार्बन-नायट्रोजन-ऑक्सिजनच्या मदतीने हायड्रोजनचं हेलियम करणाऱ्या प्रक्रियेतून, गेलेला माल वर आणतं. कार्बन घटतो, नायट्रोजन वाढतो, दोघांची बेरीज मात्र तीच राहते. कार्बन-१२ आणि कार्बन-१३ यांचं गुणोत्तर सूर्यात सुमारे ८९ आहे. सिद्धांतानुसार ते राक्षसी ताऱ्यांत २०–३० वर येतं. तक्त्यात प्रमाणं सूर्याच्या तुलनेत, लॉगरिदममध्ये दिलेली असतात. बेरीज तपासताना हमखास होणारी चूक म्हणजे लॉगरिदम थेट मिळवणं. सर्वेक्षणाने धरलेली सौर मूल्यं मिळवून आधी अणुसंख्येत या, मगच बेरीज करा. वेगळ्या काढलेल्या पुंजक्यातल्या ताऱ्यांत कार्बन आणखी कमी दिसला तर दचकू नका, तांबड्या राक्षसींची शाखा चढताना (फुगत तेजस्वी होताना) जादा मिश्रण होऊन गेलेलं असतं.

लोहाची सरासरी काढताना मुख्य क्रमाच्या वळणावरचे (गाभ्यातला हायड्रोजन संपत आलेले, अजून न फुगलेले) तारे मिसळू नका. त्यांच्यात जड मूलद्रव्यं हळूहळू खाली बसतात, त्यामुळे लोह ०.१ डेक्सपर्यंत (डेक्स म्हणजे दशमान लॉगरिदमचं एकक) कमी भासतं. राक्षसी ताऱ्यांत संवहनाने ते परत ढवळून निघालेलं असतं.

एखाद्याचं कार्बन-नायट्रोजन गुणोत्तर सोबत्यांपेक्षा बरंच खाली असेल, तर तो बहुधा जास्त वस्तुमानाचा, म्हणजे साथीदाराला गिळून किंवा त्याचा माल ओढून मोठा झालेला. त्याचा वर्णपट उघडून स्वतः पाहा; आधी तक्त्यातले गुणवत्तेचे झेंडे (मोजमाप शंकास्पद असल्याच्या खुणा) तपासा.