घरचं मंगलाष्टक रचताना

इंदूरच्या मराठी लग्नांत आत्या-मामांनी रचलेली मंगलाष्टकं हौसेनं म्हटली जातात. अडतात ती चालीत. वृत्त शार्दूलविक्रीडित, म्हणजे ओळीत 19 अक्षरं आणि बाराव्यानंतर थांबा. ‘कुर्यात् सदा मंगलम्’ ही नेमकी शेवटची 7 अक्षरं, त्यामुळे चौथ्या ओळीत आपल्याला बाराच जुळवायची. नुसती मोजून भागत नाही. लघु-गुरू चुकले की ऱ्हस्व अक्षर ओढावं लागतं आणि नवरीचं नावच वेडंवाकडं ऐकू येतं. म्हणून आधी नावं बसवा, मग बाकीचे शब्द. ‘सरिता’ किंवा ‘अनुजा’ चौथ्या वा दहाव्या अक्षरापासून बसते, ‘राधिका’ सहाव्यापासून. सगळ्या काका-काकूंची नावं मात्र कोंबू नका, एक राहिलं की रुसवा ठरलेला! दोन कडवी पुष्कळ. गुरुजींना आधीच सांगून मधली पाळी घ्या. ‘तदेव लग्नं’ त्यांच्याकडेच राहू द्या. व्याही हिंदीभाषक असतील तर दर ‘सावधान’ला थोड्याच अक्षता टाकायच्या, हे माइकवरून हिंदीत सांगा, नाहीतर पहिल्याच कडव्याला सगळ्या मुठी रिकाम्या होतात.