मे महिन्यात गावी जमलात तर नदीवर या चुका टाळा

मे महिना लागला की मुंबई-पुण्याची भावंडं गावी उतरतात आणि दुसऱ्याच दिवशी ट्यूबा फुगवून नदीवर निघतात. भरती कधीची आहे, हे एकही जण विचारत नाही. मला राग येतो तो याचा.

कर्ली नदी मालवणजवळच्या देवबागला समुद्राला मिळते. तिच्या खालच्या टप्प्यात पाणी कुठे वाहायचं ते समुद्र ठरवतो. एका पौर्णिमेला आमच्या एका भावोजींनी जेवणं आटोपून दोनच्या सुमाराला पोरांसकट ट्यूबा पाण्यात टाकल्या. "सुकती लागली हा, आता जाव नकात," असं काका सांगत होते. सुकती म्हणजे ओहोटी. पौर्णिमेला भरती साडेअकराच्या आसपास पूर्ण होते आणि ओहोटीच्या मधल्या दोन तासांत पाण्याला सगळ्यात जास्त ओढ असते. ट्यूबेला ना वल्हं ना सुकाणू. उतरायचा धक्का बघता बघता मागे पडला. त्यात पोरं लांब जाऊ नयेत म्हणून सगळ्या ट्यूबा एकमेकींना बांधलेल्या. दोरी जाळ्याच्या खुंट्याला अडकली, मागच्यांचा भार पुढच्या ट्यूबेवर आला आणि तिच्यावरची भाची पाण्याखाली गेली. अंगात लाइफ जॅकेट होतं म्हणून वर आली. खालच्या वाडीतल्या मच्छीमाराने होडी घालून कोयत्याने दोरी तोडली, तेव्हा सगळे काठाला लागले.

म्हणून ट्यूबा कधीही एकमेकींना बांधू नका. मोठं माणूस प्रत्येक पोराच्या हाताच्या अंतरावर हवं, आणि जॅकेट पोहणाऱ्यालाही हवं.

वेळ काढायला भिंतीवरचं कॅलेंडर पुरतं. तिथीची पाऊणपट करा, भरतीची अंदाजे वेळ मिळते: अष्टमीला सहा, दशमीला साडेसात. खाडीत आत जाल तशी ती थोडी लांबते. मी अष्टमी-नवमीच धरते. तेव्हा भांगाची, म्हणजे लहान भरती असते, ओढ कमी. संध्याकाळी पाचला उतरायचं, पाणी हळूहळू वर नेतं, आणि सुकती लागायच्या आत सगळे बाहेर. 'अर्धा तास तर जाऊन येऊ' म्हणणाऱ्याला मी काठावर बसवते.

वाशिष्ठीत ट्यूब नकोच; तिथे मगरी आहेत, आणि कोयनेच्या वीजघरांचं पाणीही तिच्यात येतं. कोलाडला कुंडलिकेचं पाणी भिऱ्याच्या वीजघरातून सुटतं. तिथे राफ्टिंगवाल्यांच्या वेळेबाहेर उतरू नका.

तंबू माडाखाली नको. नारळ आणि झावळ सांगून पडत नाहीत.

चुलीसाठी चिरे गोळा करताना मात्र घाई अजिबात नको. जांभ्याच्या फटीत फुरसं हा विषारी साप बसतो: वीतभर-हातभर लांब, मातीच्याच रंगाचं. अंगाची वेटोळी एकमेकांवर घासून खरखर आवाज करतं. तो ऐकू आला की जागीच थांबा आणि सावकाश मागे सरा. मी चिरा आधी काठीने उलटवते, मगच हात लावते. रात्री बाहेर जाताना पायात बूट आणि हातात बॅटरी. चावलंच तर कापू नका, करकचून बांधू नका, मांत्रिकाकडे नेऊ नका. पाय न हलवता थेट ग्रामीण रुग्णालय गाठा. प्रतिविष कुठे मिळतं आणि रात्री गाडी कोण काढणार, हे तंबू ठोकण्याआधी ठरवून ठेवा.