जुन्या ओपन कारचा कापडी टप : उतरवताना आणि बसवताना या चुका टाळा

टप गळतो म्हणून नवं कापड टाकलं आणि पुढच्या पावसात पायाखालचं कार्पेट पुन्हा ओलं, ही तक्रार जुनी टू-सीटर बाळगणाऱ्यांकडे हमखास ऐकायला मिळते. फाटलेलं कापड डोळ्यांना दिसतं, म्हणून सगळा पैसा त्याच्यावर जातो. खालची फ्रेम, कडेची रबरं, पाणी वाहून नेणाऱ्या नळ्या कुणी बघत नाही. गोव्यात बनलेली सॅन स्टॉर्म असो, माझदाची पहिल्या पिढीची मिआटा असो की एखादी जुनी ब्रिटिश एमजी, भानगड साधारण सारखीच. नागपुरात त्यात उन्हाची भर पडते.

भर उन्हाळ्यात काम काढणं

ही सगळ्यात महाग पडणारी चूक, आणि नेमकी तीच जास्त होते. पाऊस तोंडावर आला की मे महिन्यात टपाची आठवण होते. रेक्झिन, म्हणजे व्हिनाइलचं कापड, तापलं की पसरतं आणि मऊ पडतं. कारागीर दुपारच्या उन्हात ते ओढून एकदम टंच बसवतो, गाडी छान दिसते. डिसेंबरात सकाळी पारा दहाच्या खाली गेला की तेच कापड आकसतं आणि टप अडकवायचे पुढचे लॅच समोरच्या काचेच्या फ्रेमपर्यंत पोचत नाहीत. मग कुणीतरी जोर लावतो, आणि लॅच तरी वाकतो नाहीतर समोरच्या काचेवर टेकणाऱ्या पुढच्या पट्टीजवळची शिवण उसवते.

उलटही होतं. कडाक्याच्या थंडीत बेतानं बसवलेला टप उन्हाळ्यात सैल पडून वर्धा रोडवर ऐंशीच्या स्पीडला फडफडतो. म्हणून दिवाळीनंतरचे आठवडे किंवा फेब्रुवारी धरा. जागा सावलीची हवी आणि तापमान २५ ते ३० अंशांच्या आसपास. तयार शिवलेला टप मागवला असेल तर घड्या जाईपर्यंत तो उन्हात पसरून ठेवायला हरकत नाही. बसवायचा मात्र सावलीत.

फोटो न काढता पाना हातात घेणं

काहीही सोडवण्याआधी सगळ्याचे फोटो काढून ठेवा. मग आधी मागची प्लास्टिकची काच. चेन असेल तर चेन उघडून काच सपाट झोपवा, मगच टप मागे दुमडा. थंडीच्या सकाळी हे प्लास्टिक कडक असतं, दुमडलं की तडकतं. ऊन चढू द्या.

बहुतेक गाड्यांत सीटच्या मागे कार्पेटखाली एक धातूची पट्टी टपाची मागची कड दाबून धरते. तिचे नट वर्षानुवर्षांच्या ओलीनं गंजलेले असतात. आदल्या रात्री त्यांना गंज सोडवणारं तेल पाजा आणि सकाळी गोटी पान्यानं हळूहळू सोडवा. एकदम जोर लावला तर बोल्टच बॉडीतून तुटून येतो आणि दोनशे रुपयांच्या कामाचं वेल्डिंगचं काम होतं. स्टॉर्मची बॉडी फायबरची, तिथे परत आवळतानाही हात राखावा लागतो. नटाखाली मोठा वॉशर टाका, नाहीतर फायबर चिरडतं.

फ्रेमचे बोल्ट सोडण्याआधी त्यांच्याभोवती पेन्सिलीनं किंवा मास्किंग टेपनं खूण करा. ब्रॅकेटखाली पातळ पत्र्याच्या चकत्या निघाल्या तर त्या कचरा नाहीत. कंपनीनं डाव्या-उजव्या बाजूची उंची जुळवायला घातलेल्या असतात. ‘डावी पुढची’, ‘उजवी मागची’ असं लिहून वेगवेगळ्या पिशव्यांत ठेवा. फ्रेम उचलायला दोन माणसं हवीतच. एकट्यानं उचलली की पिळवटते, आणि पिळवटलेली फ्रेम नजरेला सरळच दिसते.

रिव्हेट काढताना बिट रिव्हेटच्याच मापाची घ्या. रिव्हेट ४ मिमीचा असेल तर बिटही ४ चीच. ‘लवकर होईल’ म्हणून पाचची लावली की भोक मोठं होतं आणि नवा रिव्हेट त्यात डुगडुगतो. रिव्हेट बिटसोबत गरगर फिरायला लागला तर ड्रिल थांबवा, डोकं पक्कडीत धरा आणि मग पुढे जा.

जुनं कापड फेकून देणं, किंवा त्यावर डोळे झाकून भरवसा ठेवणं

सीट-हूडवाल्यासाठी, म्हणजे टप शिवणाऱ्या कारागिरासाठी, जुनं कापड हाच नमुना. शिवणी उसवून प्रत्येक तुकड्यावर बाजू आणि क्रम लिहून ठेवा. पण जुनं रेक्झिन वर्षांनुवर्षं उन्हात आकसलेलं असतं आणि मधल्या कमानींवर ताणलेलं असतं. त्याबरहुकूम कापलं की नवा टप कडेनं आखूड येतो. कडांना कापड जास्त ठेवा, आधी कच्चे टाके घालून फ्रेमवर लावून बघा, मग पक्की शिलाई. इथे कारागिराची घाई आडवी येते. ‘टेन्शन नका घेऊ भाऊ, बसते बरोबर’ हे ऐकलं की कच्च्या टाक्यांचा आग्रह जास्तच धरा.

कापडाची निवड गांधीबागेच्या बाजारात पडद्याचं कापड बघितल्यासारखी करून चालत नाही. साध्या सीटचं रेक्झिन बाहेरच्या उन्हासाठी बनलेलं नसतं, लवकरच त्याला भेगा पडतात. बाहेरच्या वापराचं, ऊन सोसणारं व्हिनाइल किंवा टपासाठीचं कॅनव्हासच घ्या.

दोऱ्याकडे तर कुणाचं लक्षच नसतं. सुती दोरा कुजतो, नायलॉनचा उन्हानं कमजोर होतो. बाहेरच्या वापराचा जाड पॉलिएस्टर दोरा मागा. टाका ५-६ मिमीचा ठेवा. बारीक टाका मजबूत असतो हा गैरसमज आहे. बारीक टाक्यांनी रेक्झिनला पोस्टाच्या तिकिटासारखी भोकं पडतात आणि ताण आला की ते त्याच रेषेत फाटतं. वरच्या शिवणींना आतून सीलर लावून घ्या.

गोंदाचा प्रश्न नागपुरात वेगळा आहे. २३ मे २०१३ ला इथे ४७.९ अंशांची नोंद झाली, आणि ती सावलीतली. काळा टप उन्हात त्याहून कितीतरी जास्त तापतो. साधा रबर सोल्युशनचा गोंद त्या उष्णतेत मऊ होतो आणि पुढच्या पट्टीवरचं कापड सरकतं. लाकडाचा पांढरा फेविकॉल तर इथे कामाचाच नाही. उष्णता सोसणारा, सिंथेटिक रबरचा गोंद घ्या, दोन्ही पृष्ठभागांना लावा, बोटाला चिकटेनासा होईपर्यंत थांबा आणि मग दाबा. ओला असतानाच दाबला की आतला थिनर अडकून नंतर फुगे येतात.

फ्रेम आणि नळ्या तशाच सोडणं

कापड उतरलेलं असतं तेव्हाच फ्रेम मोकळी मिळते. ही संधी परत लवकर येत नाही. गंज तारेच्या ब्रशनं घासा, रेडऑक्साइड मारा, मग काळा रंग. सांध्यांवर रंगाचा थर चढू देऊ नका, तिथले नायलॉनचे वॉशर झिजले असतील तर बदला. कापड चढवण्याआधी नुसती फ्रेम गाडीवर बसवून दोन्ही लॅच लागतात का ते बघा. नुसत्या फ्रेमला लागत नसतील, तर कापड चढल्यावर लागणार नाहीत.

आता नळ्या. मिआटासारख्या गाडीत टपाच्या मागच्या कडेखाली प्लास्टिकची पन्हळ असते. तिच्यातलं पाणी दोन्ही बाजूंच्या नळ्यांतून दारांमागे गाडीखाली पडतं. आपल्याकडे सावली म्हणून गाडी कडुनिंबाखाली लागते, आणि त्याची बारीक पानं थेट या नळ्यांत जाऊन बसतात. नळी तुंबली की पाणी दाराखालच्या पोकळ पत्र्यात उतरतं आणि आतून गंज धरतो. टप कोरा करकरीत, गाडी सडतेय. नळीत कडक तार खुपसू नका, जोड निसटतो. गवत कापायच्या मशीनची नायलॉन दोरी पुरते. मग तांब्याभर पाणी ओतून बघा, खाली धार लागली पाहिजे.

तरी गळतोय?

आधी गळती कुठून आहे ते शोधा. एकाला आत बसवा. बाहेरून साध्या पाइपनं पाणी सोडा, सुरुवात खालून आणि मग हळूहळू वर. आधी पन्हळ, मग दारांच्या काचा, शेवटी पुढची पट्टी. वरून सुरुवात केली तर पाणी सगळीकडे पसरतं आणि काहीच कळत नाही. काचेच्या वरच्या कोपऱ्यात पाणी येत असेल तर दोष बहुधा रबराचा किंवा काच नीट उभी नसण्याचा. रबरावर खडूची पूड लावून काच बंद करा. जिथे काचेवर पूड उमटत नाही, तिथे फट. लॅचचा स्क्रू आवळत सुटणं हा यावरचा उपाय नाही, त्यानं पुढची पट्टी वाकते. रबरांना सिलिकॉन ग्रीस लावा. इंजिन ऑइल किंवा साधं ग्रीस लावलं की रबर फुगतं.

टप धुताना प्रेशर वॉशर आणि ब्लीच लांब ठेवा, ब्लीच दोरा खातं. मऊ ब्रश, सौम्य साबण, भरपूर पाणी, आणि पूर्ण वाळल्याशिवाय दुमडायचा नाही. मागच्या प्लास्टिक काचेला अमोनियावाला ग्लास क्लीनर, पेट्रोल, थिनर यांपैकी काहीही लावलं तर ती कायमची धुरकट होते. वरवरचा पिवळेपणा प्लास्टिक पॉलिशनं जातो. उन्हानं आतपर्यंत पिवळी आणि कडक झालेली काच घासत बसू नका, टप उतरलेला असतानाच ती बदलून घ्या.