लाल पेशींची पिशवी मुदतीआधीच बिघडते ती या चुकांमुळे

पिशवीवरची तारीख पाहिली की बरेच जण निर्धास्त होतात. पिशवीत फक्त सीपीडीए-१ (रक्त गोठू न देणारं आणि पेशींना पोसणारं द्रावण) असेल तर ३५ दिवस, सॅगएमसारखं पेशी टिकवणारं जादा द्रावण मिसळलेलं असेल तर ४२ दिवस. पण ही मुदत एका अटीवर मिळालेली असते: पिशवी साठ्यात पूर्ण वेळ २ ते ६ अंश सेल्सिअसमध्ये राहिली पाहिजे. अट मोडली तर तारखेला काहीच अर्थ उरत नाही.

सगळ्यात जास्त नुकसान करणारी सवय म्हणजे पिशवी ‘थोडा वेळ’ वॉर्डातल्या औषधांच्या फ्रिजमध्ये ठेवणं. त्या फ्रिजमध्ये वर एक तापमान, दाराशी दुसरं, आणि मागच्या पत्र्याला टेकलेली पिशवी गोठूही शकते. गोठलं की बर्फाचे स्फटिक पेशी फोडतात. वितळल्यावर पिशवी वरवर पाहता ठीकठाक वाटते, पण फुटलेल्या पेशींमधलं हिमोग्लोबिन द्रवात उतरलेलं असतं आणि ते रुग्णाच्या मूत्रपिंडावर घाला घालतं. उलट पिशवी उबदार राहिली तर पेशी ग्लुकोज भराभर संपवतात, एटीपी (पेशींना ऊर्जा देणारं रसायन) घटतं, पोटॅशियम बाहेर झिरपतं. चुकून जंतू शिरलेले असतील तर तेही वाढतात. रुग्णाला रक्त लगेच लावायचं नसेल तर पिशवी रक्तपेढीतच राहू द्या, हेच बरं.

बाहेर काढलेली पिशवी परत करायची असेल तर घड्याळ बघा. बऱ्याच ठिकाणी ३० मिनिटांची मर्यादा पाळतात. ती उलटली तर पिशवी पुन्हा साठ्यात घेत नाहीत. लावायला घेतलेली पिशवी ४ तासांच्या आत संपली पाहिजे.

रक्तपेढीच्या फ्रिजचा अलार्म सारखा वाजत असेल तर तो बंद करून टाकू नका. आधी प्रोब, म्हणजे तापमान मोजणारी कांडी, कुठे आहे ते पाहा. हवेत लोंबकळणारा प्रोब दार उघडताच बोंब मारतो, मग लोक वैतागून अलार्मकडे दुर्लक्ष करायला लागतात आणि खरा बिघाड रात्रभर कुणाला कळतच नाही. प्रोब पिशवीएवढ्या द्रवाच्या बाटलीत बुडवून ठेवला की तो रक्ताचं तापमान सांगतो, हवेचं नाही. ने-आण करताना बर्फाचे पॅक पिशवीला थेट चिकटू देऊ नका, मध्ये जाड थर हवाच. पिशवी गरम पाण्यात किंवा मायक्रोवेव्हमध्ये कधीच गरम करू नये. गरजच असेल तर रक्तासाठी बनवलेला वॉर्मर वापरा.

रक्ताच्या नळीतून फक्त ०.९ टक्के सलाईन. डेक्स्ट्रोजने (साखरेच्या द्रवाने) पेशी फुटतात आणि रिंगर लॅक्टेट या शिरेतून द्यायच्या द्रवातल्या कॅल्शियममुळे गुठळ्या होऊ शकतात.

‘ताजंच रक्त द्या’ या आग्रहाबद्दल मला स्पष्ट बोलायचं आहे. साठवणीत २,३-डीपीजी (लाल पेशींना ऑक्सिजन सोडायला मदत करणारं रसायन) घटतं हे खरं, पण रक्त दिल्यानंतर ते शरीरात साधारण दोन-तीन दिवसांत भरून येतं. २०१५ मधल्या एबल आणि रीसेस, तसंच २०१६ मधल्या इन्फॉर्म या मोठ्या चाचण्यांत प्रौढ रुग्णांना ताज्या रक्ताचा जास्त फायदा दिसला नाही. आग्रहापोटी नव्या पिशव्या आधी उचलल्या की जुन्या मुदत संपून फेकाव्या लागतात, आणि त्या कुणीतरी दान केलेल्या असतात. अर्भकाला मोठ्या प्रमाणात द्यायचं रक्त मात्र वेगळं. विकिरण केलेल्या (दात्याच्या पांढऱ्या पेशी निकामी करायला किरणांचा मारा केलेल्या) पिशवीत पोटॅशियम झपाट्याने वाढतं, म्हणून तिथे ताजेपणा आणि विकिरणानंतरचा वेळ दोन्ही तपासा.

पिशवी देण्याआधी उजेडात उभी धरा. वरचा द्रव गडद लाल झालाय का, गुठळ्या किंवा बुडबुडे आहेत का, शिवण पाझरतेय का ते बघा. मग पिशवीचा रंग तिलाच जोडलेल्या, त्याच रक्ताने भरलेल्या नळीच्या बंद तुकड्यांशी ताडून पाहा. तुकडे नेहमीसारखे लाल आणि पिशवी काळपट जांभळी असेल तर जंतूंचा संशय घ्या. अशी पिशवी फेकूनही देऊ नका आणि साठ्यातही ठेवू नका. ‘वापरू नये’ अशी चिठ्ठी लावून वेगळी ठेवा, कल्चरला (जंतू वाढवून ओळखण्याच्या तपासणीला) पाठवा आणि त्याच दात्याचे प्लाझ्मा-प्लेटलेट कुठे गेलेत ते ताबडतोब शोधून थांबवा.