मासा टाकीएवढाच वाढतो म्हणे!

मी आणि माझा मेहुणा, दोघांनी एकाच दिवशी, एकाच दुकानातून, एकाच पिशवीतले टायगर ऑस्कर जातीचे दोन मासे घेतले. दीड-दीड इंचाची पिल्लं. खाद्याचं पाकीटसुद्धा एकच आणलं आणि घरी येऊन निम्मं-निम्मं वाटून घेतलं. दहा महिन्यांनी माझा मासा नऊ इंचांचा झाला, त्याचा पाच इंचांवर अडकला. तेव्हा घरी आला तर काचेला नाक लावून म्हणतो, "दाजी, माझा असा काडीवानी कसा राहिला ओ?"

दुकानदाराचं उत्तर ठरलेलं असतं: मासा टाकीएवढाच वाढतो. निम्म्या सोलापुरात हेच सांगतात आणि ऐकणाऱ्यालाही बरं वाटतं, कारण लहान टाकी घेतली तर मासाही लहान राहील, चिंता नाही. खरं तसं नाही. माशाला टाकीची लांबी-रुंदी कळत नाही, त्याला पाणी कळतं. लहान टाकीतलं पाणी लवकर घाण होतं, त्यात तो खंगतो आणि आपण म्हणतो, बघा, जागेप्रमाणे वाढला.

आता हिशेब करू. लांबी गुणिले रुंदी गुणिले उंची, सेंटिमीटरमध्ये, भागिले हजार, की लिटर मिळतात. मेहुण्याची टाकी दोन बाय एक बाय एक फूट, म्हणजे काठोकाठ भरली तरी ५६ लिटर. माझी चार बाय दीड बाय दीड, साधारण २५० लिटर. आता माशाकडे बघा. लांबी दुप्पट झाली की वजन दुप्पट होत नाही, आठपट होतं, कारण तो जाडीला आणि उंचीलाही वाढतो. चार इंचांचा मासा आठ इंचांचा झाला की त्याचं खाणं कितीतरी पटींनी वाढतं आणि घाणही त्याच मापात. टाकी मात्र तेवढीच राहते. ऑस्कर चांगला सांभाळला तर पहिल्या वर्षात आठ-दहा इंच होतो, पुढे फूटभर. हा हिशेब पिल्लू घेतानाच करायचा, नंतर नव्हे.

घाण म्हणजे नेमकं काय? मासा कल्ल्यांतून अमोनिया सोडतो. फिल्टरच्या स्पंजात राहणारे जिवाणू त्याचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. अमोनिया आणि नायट्राइट शून्य असलेच पाहिजेत, त्यात सवलत नाही. नायट्रेट लगेच मारत नाही, पण साचत गेला की मासा खायला कमी करतो, खाल्लेलं अंगी लागत नाही. मेहुण्याकडे पाणी तपासायचं टेस्ट किट घेऊन गेलो तर नायट्रेटचा रंग लिटरमागे शंभर मिलिग्रॅमच्या पट्टीला गेला. माझ्याकडे वीस-तीसच्या मध्ये असतो. पाकीट एकच, फरक इथे होता. तो म्हणाला, "मी पाणी घालतो की ओ, रोज." घालतो म्हणजे आटलेलं भरून काढतो! आटतं ते नुसतं पाणी. क्षार आणि घाण खालीच राहतात. वरून बोअरचं पाणी ओतत राहिलात तर टाकीतलं पाणी दर महिन्याला जड होत जातं. भरणं वेगळं, बदलणं वेगळं.

बदलायचं कसं, तर आमच्या गावच्या रीतीनं. नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येतं, त्यामुळे रोज थोडं-थोडं बदला हा सल्ला आम्हाला चालत नाही. जिन्याखाली दोनशे लिटरचा निळा ड्रम माशासाठी वेगळा ठेवलाय. पाण्याच्या दिवशी घरातलं सगळं भरून झालं की शेवटी तो भरतो, बाटलीवरच्या मापानं अँटी-क्लोरीन टाकतो आणि रात्रभर एअर पंपाची नळी सोडून ठेवतो. दुसऱ्या दिवशी टाकीतलं शंभरेक लिटर काढून तेवढंच ड्रममधलं घालतो. पिल्लू होता तेव्हा आठवड्याला पंचवीस-तीस टक्के पुरायचं, आता चाळीस लागतं. हात बुडवून दोन्हीकडचं पाणी सारखंच कोमट लागतंय ना, एवढं बघायचं. काढलेलं पाणी गच्चीवरच्या कढीपत्त्याला घाला, पानं बघत राहाल.

स्पंज नळाखाली धुवायचा नाही. क्लोरीननं जिवाणू मरतात आणि दोन दिवसांत पाणी दुधाळ होतं. टाकीतून काढलेल्या बादलीतच दोनदा पिळा, बास. आणि नवी टाकी असेल तर हे जिवाणू बसायला चार ते सहा आठवडे लागतात. टाकी आज मांडली आणि मासा उद्या सोडला असं करू नका.

आता उन्हाळा. एप्रिल-मे काढला तर तुम्ही मासे सांभाळले म्हणायचं. ऑस्करला २४ ते २८ अंश बरे. आमच्या वरच्या मजल्यावर पत्र्याखाली टाकीचं पाणी तेहतिसाला जातं. गरम पाण्यात दुहेरी मार बसतो. माशाचं शरीर जोरात चालतं म्हणून त्याला प्राणवायू जास्त लागतो आणि नेमका पाण्यात तो कमी मुरतो. पंचवीस अंशांना लिटरमागे आठ मिलिग्रॅमच्या आसपास, तेहतिसाला सातच्या जवळ. त्यात बोअरच्या पाण्याचा पीएच (आम्ल-अल्कलीचा आकडा) चढा असेल तर अमोनियाही जास्त विषारी ठरतो. मासा वर येऊन तोंड मारायला लागला तर तो भुकेला नाही, गुदमरलाय. त्या वेळी दाणे टाकू नका.

मी अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात जॉबर (माग दुरुस्त करणारा) आहे, त्यामुळे घरात नापास टॉवेलांना तोटा नाही. टाकीचं झाकण काढून जाळी बसवतो (जाळी हवीच, ऑस्कर उडी मारतो), टेबलफॅन पाण्यावर तिरका लावतो आणि मागच्या-बाजूच्या काचांवर ओला टर्किश टॉवेल टाकतो. आपल्याकडची हवा कोरडी असल्यानं दोन-तीन अंश सहज उतरतात. मुंबईत राहणाऱ्याला ही युक्ती एवढी लागू पडणार नाही. बर्फाच्या बाटल्या मी एकदाच टाकल्या होत्या. पाणी झटकन उतरलं, बर्फ संपल्यावर तसंच चढलं आणि आठ दिवसांत माशाच्या अंगावर पांढरे ठिपके आले. परत नाही केलं. रात्री लाइट गेली तर बॅटरीवरचा एअर पंप घरात असावा, तो टाकीच्या आधी घ्या असंच मी सांगेन.

खाद्याबद्दल लोक फार बोलतात, मी थोडंच सांगतो. पिल्लाला दिवसातून तीन-चारदा, थोडं-थोडं, दोन मिनिटांत संपेल एवढं. सहा इंचांनंतर दोनदा पुरे. माझं ते पाळीच्या वेळेला जुळतं, जाताना आणि आल्यावर. आठवड्यात एक दिवस उपास. चाळीस टक्क्यांच्या आसपास प्रथिनं असलेले दाणे, अधूनमधून कोळंबी. कोंबडीचं काळीज, बोकडाचं हृदय असलं रोज देऊ नका, ती चरबी माशाला पचत नाही. एकदा स्वस्त पडतंय म्हणून किलोभर दाण्यांची पिशवी आणली आणि फ्रिजवर ठेवली. मे महिन्यात उघडली तर घाण्यातल्या जुन्या तेलासारखा खवट वास. उन्हानं चरबी खराब होते, जीवनसत्त्वं जातात. तेव्हापासून शंभर ग्रॅमचं पाकीट आणतो आणि डब्यात घट्ट बंद करून गार जागी ठेवतो.

हे सगळं ऑस्करचं. शेजारच्या पोरानं आफ्रिकेतल्या मलावी तलावातले म्बुना, म्हणजे दगडांत राहणारे रंगीत मासे पाळलेत, पिवळे यलो लॅब आणि काही निळे. त्याचं गणित वेगळं. त्यांना आमचं जड, चढ्या पीएचचं बोअरचं पाणी उलट मानवतं. पण बहुतेक म्बुना दगडावरचं शेवाळ खरवडून खाणारे. त्यांना मांसाचा मारा केला की पोट फुगून मरतात. त्याचे दोन गेले तसे. आणि मादी लहान राहिली म्हणून औषधं टाकू नका. ती अंडी-पिल्लं तोंडात घेऊन तीनेक आठवडे जवळजवळ काही खात नाही. वर्षात चारदा असं झालं तर अंगावर काय चढणार?

गर्दीचं उदाहरण बघायचं तर उजनीची चिलापी घ्या. कोळी चिलापी म्हणतात ती तिलापिया, ऑस्करच्याच सिक्लिड घराण्यातली. धरणात ती थाळीभर होते. शेततळ्यात मोकळी सोडली तर वीतभरही नसताना पिल्लं घालते, तळं भरून जातं आणि सगळी बारकीच राहतात. म्हणून मत्स्यशेतीवाले नुसते नर सोडतात.

टाकीत गर्दीइतकाच वाईट तो दादा मासा. माझ्या ऑस्करला सोबत म्हणून मी एक लहान आणला होता. मोठा त्याला मारत नव्हता, नुसता बघायचा. तेवढ्यानं लहानगा तीन महिने फिल्टरच्या मागे बसून राहिला. दाणे पडले तरी बाहेर यायचा नाही. सतत धास्तीत असलेला मासा खाल्लं तरी वाढत नाही. वेगळ्या टाकीत काढल्यावर महिन्यातच फरक दिसला.

वाढ होतेय का हे नजरेनं कळत नाही, रोज बघणाऱ्याला तर नाहीच. काचेला बाहेरून शिंप्याची टेप चिकटवा आणि दर एक तारखेला मासा टेपजवळ आला की फोटो काढा. दोन महिने आकडा हलला नाही तर आधी नायट्रेट तपासा, खाद्य नंतर बदला. अंगाच्या मानानं डोळा मोठा दिसायला लागला तर समजा, मासा खुंटलाय.

मेहुण्याच्या माशाचा डोळा तसाच दिसत होता. त्याला साडेतीन फुटांची जुनी टाकी मिळवून दिली, त्याला आता सहा महिने झाले. साडेसात इंचांवर आलाय. माझ्याएवढा होईल असं वाटत नाही, पहिल्या वर्षातली खोट पूर्ण भरून येत नाही. डोळा अजून मोठाच दिसतो, पण मेहुणा ते मान्य करत नाही. परवा पहाटे पाच वाजता त्याचा फोन आला. मी रात्रपाळी करून नुकताच आडवा झालो होतो. म्हणाला, "दाजी, पाणी आलंय. ड्रम लावला का?"