शॉकअप कडक केलं की बाइक सुधारते? ऑफ-रोडवाल्यांनो, या चुका टाळा

‘पुढचं शॉकअप दणकन बसतंय? जाड तेल टाकून देतो.’ गॅरेजमध्ये हे ऐकलं आणि मी मान डोलावली. पुढच्या रविवारी दगडगोट्यांच्या घाटवाटेवर अर्ध्या तासात मनगटं भरून आली. मोठ्या खड्ड्यातला दणका थोडा कमी झाला होता, पण मुठीएवढ्या गोट्यांवर फोर्क, म्हणजे पुढचं शॉकअप, दबायलाच तयार नव्हता.

साध्या फोर्कमध्ये तेल ठरावीक भोकांतून ये-जा करतं. चाक दुप्पट वेगानं उसळलं तर तेलाचा विरोध जवळपास चौपट होतो. त्यात तेल जाड केलं की फोर्क दबतानाही अडतो आणि परत येतानाही रेंगाळतो. फोर्क शेवटाला आपटत असेल तर आधी तेलाची पातळी बघा. स्प्रिंग बाहेर काढा, फोर्क पूर्ण दाबा आणि नळीच्या तोंडापासून तेलापर्यंतचं अंतर मोजा. मॅन्युअलच्या आकड्यापासून पाच-पाच मिलिमीटरनंच पातळी वर घ्या. वरची हवा आकसते आणि कडकपणा मुख्यतः शेवटच्या टप्प्यात येतो. फार भरलंत तर ऑइल सील (तेल अडवणारं रबर) उडेल. आणि दोन कंपन्यांचं ‘१० नंबर’ तेल सारखंच जाड असेल, असं धरून चालू नका.

पण सगळ्यात महागडी चूक म्हणजे सॅग, म्हणजे तुम्ही बसल्यावर बाइक किती खाली दबते ते, न मोजता पार्ट मागवणं. हिरोची एक्सपल्स २०० ४व्ही घ्या: चाकाची हालचाल पुढे १९० आणि मागे १७० मिमी. मागचं चाक अधांतरी असताना ॲक्सलपासून सरळ वर, सीटखालच्या एखाद्या खुणेपर्यंत टेपनं मोजा. मग हेल्मेट, बूट, सामान सगळं चढवून बसा आणि दुसऱ्या कुणाला तरी पुन्हा मोजायला सांगा. फरक चाकाच्या हालचालीच्या साधारण ३० टक्के, म्हणजे मागे ५० मिमीच्या आसपास हवा. घरच्या चपला घालून मोजू नका. मी मोजलंय, म्हणून सांगतोय.

आता प्रीलोड, म्हणजे स्प्रिंगला आधीच दिलेला दाब. शॉकअपवरची रिंग आवळल्यानं स्प्रिंग कडक होत नाही, बाइक फक्त वर उचलली जाते. ९० किलोच्या माणसानं रिंग आवळत आवळत ५० मिमी सॅग आणला, तरी काम संपत नाही. खाली उतरा आणि नुसती बाइक स्वतःच्या वजनानं किती बसते ते पाहा. जेमतेम पाच मिमी बसत असेल, तर वाटतं स्प्रिंग फार कडक आहे. खरं उलटं असतं: स्प्रिंग तुमच्यासाठी मऊ आहे, म्हणून रिंग इतकी आवळावी लागली. अशा वेळी पैसे शॉकअपवर नाही, आधी स्प्रिंगवर घाला.

उंची वाढवायची हौस असेल तर एकच टोक उचलू नका. एक्सपल्सच्या रॅली किटमध्ये पुढे २५० आणि मागे २२० मिमी हालचाल एकत्र मिळते, ते उगाच नाही. नुसतं मागचं उचललंत की भार पुढे सरकतो आणि उतारावर हँडल चंचल होतं. साइड स्टँड तोकडं पडतं, हे वेगळंच. चेनकडे मात्र बहुतेकांचं लक्ष जात नाही. पुढचं स्प्रॉकेट, स्विंगआर्मचा (मागचं चाक धरणाऱ्या दांड्याचा) पिव्होट म्हणजे सांधा आणि मागचा ॲक्सल एका रेषेत आले की चेन सर्वात जास्त ताणली जाते. तिथेही थोडी ढील उरली पाहिजे, नाहीतर चेनच शॉकअपला अडवते.

क्लिकवाला, म्हणजे स्क्रू फिरवून जुळवता येणारा शॉकअप असेल तर स्क्रू हळूच पूर्ण बंद करून क्लिक मोजा, वहीत लिहा, मग एका वेळी एकच स्क्रू दोन क्लिक फिरवा. उडीनंतर मागची सीट तुम्हाला लाथ मारते? रिबाउंड, म्हणजे दबलेलं शॉकअप परत येताना होणारा विरोध, कमी पडतोय. पाठोपाठच्या गचक्यांवर बाइक खाली खालीच बसत जाते? रिबाउंड जास्त झालाय. हे लक्षण बरेच जण मऊ स्प्रिंगचं समजतात आणि आणखी आवळतात.

पडल्यानंतर फोर्क अडकत असेल तर तोही उघडायची घाई नको. ॲक्सलचे आणि फोर्क धरणाऱ्या खालच्या क्लॅम्पचे बोल्ट सैल करा, फोर्क चार-पाचदा दाबा, पुन्हा आवळा. पीळ बहुधा निघतो. सील गळतंय? जुन्या एक्स-रे फिल्मची पट्टी कापून ती सीलच्या कडेनं गोल फिरवा. पावसाळ्यातला बारीक चिखल बाहेर येतो आणि अनेकदा गळती तिथेच थांबते.