ट्यूलिपा टार्डा : ठेंगण्या रानट्यूलिपची लागवड

मध्य आशियातील त्यान शान पर्वतरांगांच्या दगडगोट्यांच्या उतारांवर वाढणारी ही रानट्यूलिप जेमतेम 10 ते 15 सेंटीमीटर उंच होते. थंड प्रदेशात राहणाऱ्या ज्या मराठी कुटुंबांच्या घरापुढे थोडीशी उन्हाची जागा आहे, त्यांनी बाजारातल्या उंच, एकाच मोसमात दमून जाणाऱ्या संकरित ट्यूलिपऐवजी ती लावावी, असे मला मनापासून वाटते. कारण जागा मानवली की ती वर्षानुवर्षे टिकते आणि आपली आपण पसरते.

कंद विकत घेताना पाकिटावरील नाव पाहावे. 1933 साली ऑटो श्टाप्फ यांनी दिलेले टार्डा हे नाव रोपवाटिकांत अजून रूढ असले, तरी अनेक वनस्पतिशास्त्रज्ञ आता तिचा समावेश ट्यूलिपा उरुमिएन्सिस या जातीत करतात, त्यामुळे दोन्हींपैकी कोणतेही नाव दिसले तरी गोंधळून जाऊ नये. रानातून खणून आणलेले कंद मात्र घेऊ नयेत. रोपवाटिकेत वाढवलेलेच मागावेत.

लागवड ऑक्टोबर किंवा नोव्हेंबरमध्ये, जमीन गोठण्यापूर्वी करावी. दिवसभर ऊन पडेल अशा जागी, टोक वर ठेवून, कंद सुमारे 10 सेंटीमीटर खोल आणि एकमेकांपासून 7-8 सेंटीमीटर अंतरावर लावावेत. माती चिकट असेल तर तिच्यात जाडसर वाळू आणि बारीक खडी सढळ हाताने मिसळावी. खारी कंद उकरून नेत असतील, तर वर तारेची जाळी अंथरावी.

खरी काळजी घ्यावी लागते ती फुले येऊन गेल्यानंतर. मूळ प्रदेशात हिवाळ्यात बर्फ, वसंतात वितळलेल्या बर्फाचे पाणी आणि उन्हाळ्यात कोरडी, तापलेली जमीन असा क्रम असतो. त्या कोरड्या काळात कंद जमिनीखाली विसावतो आणि पुढच्या वर्षीचे फूल त्याच्या आत घडते. म्हणून पाने पूर्ण पिवळी पडेपर्यंत कापू नयेत, आणि ती सुकल्यावर त्या जागेला पाणी देऊ नये. रोज पाणी लागणाऱ्या हंगामी फुलझाडांच्या वाफ्यात हे कंद लावले, तर ते भर उन्हाळ्यात कुजतात.

एका देठावर बहुधा तीन ते सहा फुले येतात. चांदणीसारख्या उमलणाऱ्या सहा पाकळ्या मध्यभागी गडद पिवळ्या आणि टोकांना पांढऱ्या असतात, तर बाहेरून त्यांच्यावर हिरवट-जांभळी झाक असते. ऊन असेल तरच फूल पूर्ण उघडते, संध्याकाळी मिटते. ढगाळ दिवशी मिटलेले फूल पाहून रोपाला रोग झाला असे समजू नये.

बी पेरूनही रोपे होतात, पण फुलासाठी चार-पाच वर्षे थांबावे लागते. दाटी झाल्यास उन्हाळ्यात पाने सुकल्यावर कंद काढून वेगळे करावेत. हे काम हातमोजे घालून करावे, कारण कंदाच्या रसाने काहींच्या त्वचेला खाज सुटते. पाळीव कुत्र्यामांजरांनाही कंद विषारी आहेत.

पुण्या-मुंबईच्या हिवाळ्यात या कंदाला हवी तेवढी थंडी मिळत नाही. तीन महिने फ्रिजमध्ये, फळांपासून दूर ठेवून लावल्यास एखादा बहर मिळू शकतो; पुढच्या वर्षी तो पुन्हा येईल, ही अपेक्षा ठेवू नये.